खडक्याचा चोविसावा अंक

निमोणे, ता. शिरूर
६ जानेवारी २०२५

प्रिय सोपान,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला व्हॉट्सॲपवर दिसत नाही, तेव्हा आपल्या दोघांत आता पोस्टखातंच उरलं. मावसभावाचं पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न निघालेलं नाही, आणि मी नवा काव्यसंग्रहही छापलेला नाही. काम एकच आहे आणि ते बावन्न वर्षं जुनं आहे. खडक्याचा चोविसावा अंक पाठव.

विसरला असशील तर सांगतो. 'अश्मवीर खडक्या', महिन्याला एक चित्रकथा, दौंड स्टेशनावरच्या स्टॉलवर. आपली निम्मी-निम्मी भागी. तू स्टेशनाशेजारचा, म्हणून आधी तू वाचायचास. मग अंक शिरूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचास आणि मी फाट्यावर वडाखाली त्याची वाट पाहत उभा. विषम आकड्याचे अंक निमोण्यात राहायचे, सम आकड्याचे वाचून झाले की त्याच गाडीनं दौंडला परत. माझे बाराच्या बारा अजून पेटीत आहेत, कडुनिंबाच्या पाल्यात. पेटी उघडली की अजून तो शाईचा वास येतो आणि मी तेरा वर्षांचा होतो. आमची ही, म्हणजे सिंधूबाई, म्हणते, वास पाल्याचा आहे. असेल.

काय गडी होता रे. कमरेला कातडं, हातात दगडी कुऱ्हाड, शेजारी त्याची जोडीदारीण पाषाणी, मागं तो सुळेवाघ कुत्र्यासारखा चाललेला. हनुवटी मात्र नुकतीच दाढी केल्यासारखी गुळगुळीत. गुहेत न्हावी कुठला, हे तेव्हा आपल्याला सुचलं नाही. केसाळ हत्ती, डायनासोर आणि माणूस एकाच पानावर सुखानं भांडत होते, आणि खडक्या डायनासोरलासुद्धा 'थांब, रे अधमा!' असं शुद्ध मराठीत बजावायचा.

आता मुद्दा. आपल्या गावच्या शाळेत शनिवारी दप्तर नसतं. अनिता मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, गुरुजी, रिटायर झालात, येऊन मुलांना चार कविता म्हणून दाखवा. दाखवल्या. दुसऱ्या शनिवारी निम्मा वर्ग गैरहजर. तिसऱ्या शनिवारी मी हरलो आणि खडक्याचा पहिला अंक काढला. सोपान, छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नाही ते झालं. मुलं माझ्याकडं बघायला लागली. आता शनिवारी चौथी-पाचवीची सव्वीसच्या सव्वीस हजर असतात, तापात असलेलंही शाल गुंडाळून येतं. वीस अंक सांगून झाले. तुझ्याकडचे सम अंक आठवून सांगतो, थोडा मीठमसाला लावून.

पण तेविसाव्याचा शेवट आठव. राखेवाल्या टोळीनं पळवलेला अग्नी खडक्यानं परत आणलाय. एका हातात अग्नीचं मडकं, दुसऱ्या हातात वेल, खाली उकळत्या डांबराची दरी, आणि वर तीन उंदीर वेल कुरतडतायत. खाली छापलंय, 'खडक्या वाचेल का? पाहा अंक २४.' तो अंक माझ्यापर्यंत कधी आलाच नाही. तू तेव्हा म्हणालास, स्टॉलवर आला नाही. मग म्हणालास, आलाय पण आईनं ठेवून दिलाय. पुढं दहावी आली, आयुष्य आलं, राहून गेलं.

पंचवीस तारखेच्या शनिवारी मला शेवट सांगायचाय. मोनिका नावाची एक पाचवीतली पोरगी आहे, ती सगळं वहीत उतरवून घेते आणि चुकलो की मागचा अंक काढून तोंडावर मारते. शेवट नसला तर ही मुलं गेली समज, परत माझी होणार नाहीत. अंक लगेच पाठव, वाचून परत करीन.

तुझा,
भिमाजी

दौंड
१० जानेवारी २०२५

भिमा,

पत्र मिळालं. तुजं अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखं हाय, दोन ओळीत पान भरतंय.

अंक हाय माझ्याकडं. ट्रंकंत हाय. पण पोस्टानं पाठवायचा न्हाई. कागद पापडासारखा झालाय, शिरूरला जाईपर्यंत चुरा होईल आन् मग तू माझ्या नावानं शोकगीत लिहिशील. शेवट मीच लिहून पाठवतो, तसाच्या तसा. ऐक.

खडक्या वेलीला लोंबकळतोय. पयलं काम काय करतो? वारा कुठल्या बाजूनं हाय ते बघतो. डांबराचा धूर कुठं चाललाय ते बघून टोळीला वरडतो, वाऱ्याच्या समोर न्हाई, पाठीवर घेऊन बी न्हाई, आडवं पळा. मग मडकं पाषाणीकडं फेकतो. ती झेलती. वेल तुटायच्या आधी झोका घेऊन हा कडंला. तिथं डोंगराला एक दगडी चाक असतं, ते फिरवलं की डांबर बंद. अर्धं फिरतं, अर्धं न्हाई. खडक्या चाक सोडतो आन् पळतो. सगळी टोळी मोठ्या झाडाखाली जमती. खडक्या माणसं मोजतो. बेचाळीस पायजेत, भरत्यात एकेचाळीस. परत मोजतो. एकेचाळीस. डांबर वर यायला लागलंय. खडक्या दरीकडं बघत उभा राहतो. आत जात न्हाई. मग उजाडतं, आन् समदे घरी जात्यात. समाप्त.

एवढंच हाय. पोरांना सांग आन् मोकळा हो. सुळेवाघाचं काय झालं म्हणून इचारलं तर म्हणावं, तो बी आडवाच पळाला.

सोपान

निमोणे
१५ जानेवारी २०२५

सोपान,

मी कविता शिकवली म्हणून मला अक्कल नाही असं समजू नकोस. अश्मयुगात व्हॉल्व्ह? चाक म्हणतोस, पण मला कळतं. तू कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेस, तोच इथं डोंगराला बसवलास. आणि खडक्या पळतो? अरे, जो चौदाव्या अंकात एकटा गेंड्यांच्या कळपात घुसला, तो एक माणूस कमी असताना झाडाखाली उभा राहतो, आणि सकाळी घरी जातो? काय, दूध काढायला?

मला वाटतं तू जुना राग काढतोयस. तुझ्या लग्नात मी स्वतः रचलेली अकरा कडव्यांची मंगलाष्टकं म्हटली, तोवर मुहूर्त टळला आणि जिलेबी मऊ पडली, हे मला माहीत आहे. तुझे सासरे त्यावरून मला जन्मभर 'अकरावे' म्हणायचे. त्याबद्दल आज पंचेचाळीस वर्षांनी माफी मागतो. सातव्या कडव्यात थांबायला हवं होतं. झालं? आता मस्करी सोड.

परवाच्या शनिवारी एकविसावा सांगितला. येत्या शनिवारी बावीस-तेवीस उरकतो. मोनिकानं पुढच्या कोऱ्या पानावर आधीच 'अंक २४' लिहून खाली रेघ ओढून ठेवलीय. त्या रेघेखाली मी व्हॉल्व्ह लिहायला लावू? छापील पान पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पापडासारखं असेल तर पापडाच्या डब्यातून पाठव. नाहीतर तुझ्या नातवाला सांग मोबाइलवर फोटो काढायला. माझी सून तो मोठा करून दाखवील.

भिमाजी

दौंड
१८ जानेवारी २०२५

भिमा,

मंगलाष्टकांचं मी कवाच इसरलो होतो. तू आठवण दिलीस म्हणून आता राग आला.

तुला सांगितलं तोच शेवट हाय. आईशपथ लिहून देतो, आय आता न्हाई तर तिला काय तोटा. ट्रंकंची किल्ली सापडंना. नातू परीक्षेच्या गडबडीत हाय. फोटो निघायचा न्हाई. तुला गेंड्यात घुसणारा पायजे. गेंड्यात कोण बी घुसतं रे, गेंडा दिसतो तरी. दिसत न्हाई त्यात घुसून दाखव.

पोरांना सांग जे सांगितलंय ते. माझी तब्येत बरी हाय. कानाचं मशीन शिट्टी मारतंय, गल्लीतली कुत्री माझ्या मागं येत्यात.

सोपान

(खाली वेगळ्या अक्षरात)
काका, मी नीलम, बाबांची सून. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. ट्रंकेला कुलूपच नाही. मी उघडून बघितलं. दोन ते बावीस असे अकरा अंक आहेत, चोवीस नंबरचा नाही. बाबा रात्रंदिवस तेच अकरा वाचत बसलेत आणि जेवायला हाक मारली तर चिडतायत. मी सांगितलं असं म्हणू नका.

निमोणे
२१ जानेवारी २०२५

सोपान,

तुझ्याकडं चोविसावा अंक नाही. कसं कळलं ते विचारू नकोस, मला स्वप्नात दृष्टांत झाला.

मला राग आला नाही असं लिहिणार होतो, पण आला आहे. शनिवारी तेविसावा सांगून झाला. तीन उंदीर मी इतके चांगले केले की दारापाशी उभ्या असलेल्या खिचडीवाल्या कुशाबाई डाव हातात धरून तशाच थांबल्या आणि खिचडी खाली लागली. घंटा झाली तरी कुणी उठेना. मोनिकानं विचारलं, 'गुरुजी, तुम्हाला शेवट माहीत हाय ना?' मी म्हणालो, आहे. आयुष्यात वर्गापुढं कधी खोटं बोललो नव्हतो. तुझ्या भरवशावर बोललो.

आता चार दिवस आहेत. आजारी पडावं असंही मनात आलं. स्वतः शेवट रचावा तर माझ्याकडून त्यात पाखरं, सायंकाळ आणि घोडनदीच येणार, आणि ती मुलं पहिल्या पाखराला उठून जातील. तुझा पळणारा खडक्या सांगितला तर मला मारतील. तेव्हा खरं काय ते सांग. अंक आला होता का? तू वाचलास का? वाचला असशील तर त्यात काय होतं? आणि नसेल आला, तर तेही सांग. निदान मी वर्गात उभा राहून माफी मागीन.

भिमाजी

दौंड
२३ जानेवारी २०२५

भिमा,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई, शनिवार गाठायचाय. शिरूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो. बाई हाय. म्हणली, आजोबा, औषध हाय का आत? म्हणलं, व्हय.

दृष्टांत कुणी दिला ते मला कळलं. तिला बोललो न्हाई. भाकरी तिच्या हातची खायचीय.

अंक आला होता. फेब्रुवारी त्र्याहत्तर. तू तवा निमोण्यात खाटंवर होतास, पायाला पलाष्टर. खडक्यासारखा वडाच्या पारंबीला लोंबकळलास, पारंबी तुटली, उंदीर बी लागले न्हाईत. मावशीचा निरोप आला होता, पोरगं रडत न्हाई पण चोविसावा अंक आला का म्हणून रोज इचारतंय. म्हणून मी स्टॉलवर पयल्या गाडीला उभा राहून अंक घेतला आन् तिथंच प्लॅटफॉर्मवर बसून वाचला.

पयलं पान, वेल तुटली. दुसरं पान, खडक्या पडतोय. तिसरं पान, अजून पडतोय. चौथ्या पानावर एक शाळा. एक पोरगं बाकावर झोपलंय, तोंडातनं लाळ. गुरुजी त्याचा कान धरून उभे. पोरगं म्हणतंय, 'अरेच्चा, मग ते सगळं स्वप्न होतं!' कवितेच्या तासाला झोप लागली होती त्याला. समाप्त. पुढची बारा पानं दंतमंजनाच्या जाहिराती आन् शब्दकोडं.

दोन वर्षं, भिमा. चोवीस अंक. खडक्या न्हाई, पाषाणी न्हाई, सुळेवाघ न्हाई. एक लाळगळू पोरगं. असलं वाचायला तुला खाटंवर पाठवू? मी सरळ भीमेच्या पुलावर गेलो आन् नदीत फेकला. पाण्यावर लई लांबपर्यंत दिसत होता. तुला सांगितलं, आला न्हाई. मग तू डीएड केलंस, कवितेचा मास्तर झालास, मग तर माझं तोंडच शिवलं. तुला काय सांगणार, की आपला खडक्या तुज्याच तासाला झोपल्याला पोरगा होता?

आता दुसरं. तुला पाठवल्याला शेवट अंकातला न्हाई पण खोटा बी न्हाई. दोन हजार नऊ साली कंपनीत गॅस सुटला. मी व्हॉल्व्हवर होतो. अर्धा फिरला, अडकला. नियम असतो की सोडायचं आन् वाऱ्याला आडवं पळायचं. पळालो. गेटच्या बाहेर झाडाखाली माणसं मोजायचं काम माझं. बेचाळीस पायजेत, एकेचाळीस भरले. पोपट कमी. माझ्या हाताखालचा पोरगा, नवं लग्न झाल्याला. आत जायचं न्हाई, हा बी नियमच हाय. मी गेलो न्हाई. दीड तास उभा होतो आन् डोक्यात एकच, खडक्या असता तर गेला असता.

दीड तासानं पोपट मोटरसायकलवर आला, अंगावर गुलाल. दुपारीच भिंतीवरनं उडी मारून बैलगाडा शर्यतीला गेला होता. समदे हसले. मी त्याच्या कानफटात मारली आन् मग त्याच्याच गळ्यात पडून रडलो. त्याला अजून वाटतं, साहेबाचं डोकं फिरलं होतं.

तर मी काय गेलो न्हाई, भिमा. पोपट बाहेर होता हे मला तवा ठावं नव्हतं. तुजं पत्र आलं, म्हणलं एकदा खडक्यालाच उभा करून बघू झाडाखाली. बघितलं. तो बी गेला न्हाई. जरा बरं वाटलं.

पोरांना काय सांगायचं ते तू ठरव. मी बोललो ते बोललो.

सोपान

निमोणे
२६ जानेवारी २०२५

प्रिय सोपान,

आत्ताच झेंडावंदन करून आलो. अंगठ्याला अजून लाडवाचं तूप आहे, पानावर डाग पडला तर समजून घे.

आधी तुझं. तू गेला नाहीस ते उत्तम केलंस. गेला असतास तर पोपट गुलाल लावून तुझ्या तेराव्याला आला असता. तेराव्या वर्षी आपण ज्याच्यावर जीव टाकला त्याला पडल्यावर लागत नव्हतं, एवढीच त्याची बहादुरी. तू पडला असतास तर लागलं असतं. एवढं शहाणपण मला छत्तीस वर्षांच्या पगारात आलं नाही, तुझ्या पत्रानं आलं. आणि अंक नदीत टाकलास त्याबद्दल काय बोलू? त्या खाटेवर मी तो वाचला असता, तर कवितेचा मास्तर झालोच नसतो. म्हणजे अनेक मुलांचं कल्याण झालं असतं.

आता काल काय झालं ते. रात्रभर ठरवत होतो. तुझी गोष्ट सांगावी असं एकदा वाटलं, पण ती तुझी आहे, ती तूच सांगावीस. खोटं पुन्हा बोलवेना. मग म्हटलं, जे छापलं होतं तेच सांगू आणि जायची ती मुलं जाऊ दे.

उभा राहिलो. वेल तोडली. खडक्याला तीन पानं पाडला. मग शाळा आली, बाक आला, लाळ आली, कवितेचा तास आला. कुशाबाईसुद्धा दारात होत्या. मी 'समाप्त' म्हणालो आणि खाली बघितलं, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

कुणी उठलं नाही. चौथीतला रुद्र म्हणाला, 'मंजी खडक्या त्या पोराच्या डोक्यात होता?' मी म्हणालो, हो. 'आन् गुरुजींनी त्याला उठवला नसता तर?' मी म्हणालो, तर पुढं काय झालं ते दिसलं असतं. वर्गात एकदम कुजबुज झाली. सगळ्यांचा राग त्या चित्रातल्या गुरुजींवर. एकानं तर 'त्यांना कुणी सांगितलं होतं कान धरायला' असं उघड म्हटलं. मी मान हलवली. चित्रातल्या माणसाची बाजू कोण घेतो?

मग मोनिकानं वही मिटली, दप्तर नसलेल्या बाकाखाली नीट ठेवली आणि विचारलं, 'गुरुजी, त्या तासाला कविता कुठली चालली होती?'

सोपान, छत्तीस वर्षं. कुणी मला आपण होऊन विचारलं नव्हतं, कविता कुठली. मला माहीत नव्हतं. म्हणालो, ते छापलेलं नव्हतं. ती म्हणाली, 'मग तुम्हीच म्हणा एक. झोप येईल अशी.'

मी विशीत घोडनदीवर लिहिलेली एक कविता आहे. सिंधूबाईला लग्नानंतर ऐकवली होती, ती तिसऱ्या कडव्याला चुलीवरचं दूध बघायला गेली आणि आली नाही. तीच सुरू केली.

'सांज उतरता घोडकाठी
पाणी होई जांभुळलेले,
पैलतिराच्या बाभुळराई
पाखरू एक थांबुन गेले...'

पाखरू आलं, आणि मी डोळे मिटले. आता बाकांचा आवाज होणार. आवाज झाला, पण वेगळा. डोळे उघडले तर सव्वीसच्या सव्वीस डोकी बाकावर. हात उशाला, डोळे घट्ट मिटलेले, पापण्या थरथरतायत. कुशाबाई दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून उभ्या, डाव छातीशी धरून. एवढ्यात अनिता मॅडम आल्या, वर्ग बघितला, माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की, गुरुजी, पुन्हा? मी तोंडावर बोट ठेवलं. त्या पाऊल न वाजवता गेल्या.

अकराच्या अकरा कडवी म्हटली. सातव्यात थांबलो नाही. सुरुवातीला सगळी सोंगं होती. मग एकेकाचा श्वास लांब व्हायला लागला, कुणाचा हात बाकावरून सुटला, रुद्र घोरायलाही लागला. माझा आवाज मला ऐकू येत होता, नदीवर येतो तसा. घंटा झाली. मी कुणाला उठवलं नाही. पुस्तक नव्हतं, तरी मिटल्यासारखे हात मिटून खुर्चीकडं निघालो.

तेव्हा मोनिका डोकं न उचलता, डोळे न उघडता, बारीक आवाजात म्हणाली, 'गुरुजी, थांबू नका. तो अजून पडतोय.'

तुझा,
भिमाजी